डबाभर वाळूचा केक

आमच्या बारकीला तिसऱ्या वाढदिवसाला जेसीबीचा केक पाहिजे होता. जेसीबीच्या आकाराचा, असं मी आधी समजले. मग तिने खुलासा केला. आकार कसलाही चालेल, पण केकवर जेसीबी उभा पाहिजे आणि त्याने केक खणला पाहिजे.

यात तिचा दोष नाही. आमच्याकडे हल्लीचं लेकरू आधी आई ओळखतं, मग जेसीबी, आणि सवड मिळाली तर बाप. रस्ता उकरायला जेसीबी, नाला सरळ करायला जेसीबी, अतिक्रमण काढायला जेसीबी आणि पुढारी गावात आला की त्याच्यावर फुलं उधळायलाही जेसीबीच. बारकी दीड वर्षाची असताना बापाच्या खांद्यावर बसून अशी एक मिरवणूक बघून आली. पिवळ्या हत्तीने सोंड वर केली आणि आभाळातून झेंडू पडला. तेव्हापासून ती रस्त्याने जाताना जेसीबी दिसला की हात जोडते. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रजाने १९४५ साली हा उद्योग मांडला आणि यंत्राला स्वतःच्याच नावाची आद्याक्षरं चिकटवली. आपल्या नावापुढे कंधारातलं एक लेकरू हात जोडील, हे काही त्याच्या डोक्यात आलं नसणार.

बेकरीत जाऊन विचारलं. बेकरीवाल्याने वही काढली, मान हलवली.

"ताई, जेसीबी दोन किलोच्या खाली बसत नाही."

"एक किलोत काय बसतं?"

"एक किलोत सायकल बसंल."

सायकल घेऊन घरी जायची माझी हिंमत नव्हती. शिवाय श्रावण चालू. बेकरीवाला कितीही शपथा घालो, श्रावणात बाहेरचा केक घरात आला की आमच्या सासूबाई, म्हणजे आत्या, तो हुंगून बघतात, आणि अंड्याचा वास त्यांना बिस्किटाच्या पुड्यालासुद्धा येतो. तेव्हा केक घरीच करायचा असं ठरलं. ठरवलं मी, बाकीच्यांना ते कळवलं.

पुण्याच्या जाऊबाईंना फोन केला. त्यांनी लगेच चार व्हिडिओ पाठवले आणि वर सुचवलं, "ओव्हन ऑनलाइन मागव ना, दोन दिवसांत येईल." पुण्याच्या लोकांना आमचं गाव नेमकं कुठं आहे हे अजून उमगलेलं नाही. लग्नात माझी ओळख करून देताना एकाने १९९९ चं विमान काढलं होतं. भाऊ, विमान पळवून नेलं ते कंदाहारला, अफगाणिस्तानात. आमच्या कंधारला विमान सोडा, रेल्वेही येत नाही. ओव्हन नांदेडपर्यंत येतो, पुढं एसटीच्या मर्जीने.

चौथ्या व्हिडिओत उपाय निघाला. ओव्हन नसेल तर कुकर घ्या, त्याची शिट्टी आणि रबर काढा, तळाला मीठ किंवा वाळू पसरा, वर जाळी ठेवा, जाळीवर केकचं भांडं. पाणी घालायचं नाही. मी किलोभर मिठाचा पुडा फोडायला घेतला तर आत्यांनी तो हातातून काढून घेतला. "मीठ म्हंजी लक्ष्मी असती. भाजत्यात का कुटं तिला?" राहिली वाळू.

ज्यांना मराठवाडा माहीत नाही त्यांना इथे थोडं थांबवावं लागेल. तुम्हाला वाटेल, मन्याड नदीकाठचं गाव, वाळूला काय तोटा. पण वाळू नदीत असते तेव्हाच ती वाळू असते. नदीतून बाहेर पडली की तिचं सोनं होतं. तिचे लिलाव होतात, तिला रॉयल्टी असते, तिच्यापायी रात्री-अपरात्री ट्रॅक्टर धरले जातात. पावसाळ्यात तर उपसाच बंद. मैदा, साखर, लोणी सगळं गल्लीच्या तोंडाशी मिळालं. कंधार शहरात ऐन श्रावणात डबाभर वाळू मिळवणं हे केकच्या कृतीतलं सगळ्यात अवघड काम आहे, आणि एकाही व्हिडिओत त्याचा उल्लेख नाही.

शेजारच्या काकूंकडे न्हाणीघराचं बांधकाम चाललेलं. त्यांच्या अंगणात ताडपत्रीखाली वाळूचा ढीग, ताडपत्रीच्या चारी कोपऱ्यांवर दगड आणि समोर खाटेवर काका. आजवर मी काकूंकडून विरजण मागितलंय, साखर मागितलीय, एकदा रात्री साडेदहाला कढीपत्ता मागितलाय. वाळू मागताना मात्र जीभ अडखळली.

"काकू, डबाभर वाळू देता का? केकला पाहिजे."

काकूंनी आधी माझ्याकडं बघितलं, मग डब्याकडं, मग काकांकडं. "केकात वाळू घालतेत?"

"घालत नाहीत. खाली ठेवतात. उद्या परत करते."

"मोजून नेजो," खाटेवरून काका म्हणाले. ते हसत होते, पण डबा काठोकाठ भरला तेव्हा त्यांनी तळहाताने वरचा उंचवटा सपाट करून उरलेली वाळू ढिगावर सारली.

घरी मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, लगेच कागद-पेन्सिल घेतली. मामा जिल्हा परिषदेचे निवृत्त गुरुजी. गणित दिसलं की सोडवल्याशिवाय राहत नाहीत. सरकारने २०२३ मध्ये ६०० रुपये ब्रासने वाळू देऊ असं जाहीर केलं होतं. ब्रास म्हणजे १०० घनफूट. घनफुटात अठ्ठावीस लिटर आणि वर थोडं. आपला डबा दोन लिटरचा. "बेचाळीस पैसे," मामांनी जाहीर केलं. "सरकारी दराने बेचाळीस पैशाची वाळू हाय ही. आणि त्या माणसानं वरून हात फिरवला!"

वाळू चाळली, दोनदा धुतली आणि वाळवायची म्हणून मोठ्या कढईत घालून गॅसवर चढवली. तेवढ्यात आत्या माळ ओढत स्वयंपाकघरात आल्या.

"काय करूलालीस गं?"

"वाळू कोरडी करतेय, आत्या."

मला वाटलं होतं, आता शेजारपाजार गोळा होणार. पण आत्यांनी माळ खुंटीला लावली, पदर खोचला आणि माझ्या हातातला उलथना घेतला. "आस्सं न्हाई. खालून वर घ्यायची. लाह्या फोडल्या न्हाईत का कवा?"

मी फोडल्या नव्हत्या. लातूरला आम्ही नागपंचमीच्या लाह्या पुडीत विकत आणायचो. आत्यांच्या माहेरी मात्र भट्टी घरचीच होती. चुलीवर काळं खापर, त्यात वाळू, वाळूत मूठ-मूठ ज्वारी, हातात कुंचा. म्हणजे जी युक्ती पुण्याच्या मोबाइलमधून मला नवीन म्हणून आली होती, ती आत्यांनी वयाच्या आठव्या वर्षी पाटीभर केली होती. चणे, शेंगा, लाह्या, सगळं वाळूत. केक तेवढा राहिला होता.

"तापली हे कळतं कसं?" मी विचारलं. व्हिडिओत म्हटलं होतं १८० अंश, आणि १८० अंश दाखवणारी कोणतीही वस्तू आमच्या घरात नव्हती. आत्यांनी डब्यातून ज्वारीचे चार दाणे घेतले आणि वाळूत टाकले. दाणे पडून राहिले. "न्हाई अजून." पाच मिनिटांनी आणखी चार. त्यातला एक तड् करून उडाला आणि पांढराशुभ्र होऊन माझ्या पायाशी पडला. "आता आच बारीक कर," आत्या म्हणाल्या, "नि ठिव तुजा केक."

मी अजून मैदासुद्धा चाळला नव्हता.

कारण सोडा यायचा होता. बारकीच्या पप्पांना यादी देऊन पाठवलं होतं: बेकिंग पावडर, खायचा सोडा, व्हॅनिला इसेन्स. ते परत आले ते इनोच्या सहा पुड्या घेऊन. दुकानात बेकिंग पावडर नव्हती. सोडा म्हटल्यावर दुकानदाराने विचारलं, खायचा की धुण्याचा, आणि ह्यांना ऐनवेळी शंका आली. शंका आल्यावर माणूस औषधाच्या दुकानात जातो. तिथल्या पोराने सहा पुड्या मागितलेल्या बघून काळजीने विचारलं, "जास्तच जळजळ होऊलाली का, सर?"

यावर मी त्यांना ॲल्फ्रेड बर्डची गोष्ट सांगितली. हा बर्मिंगहॅमचा औषधवाला. बायकोला अंडी सोसत नव्हती म्हणून त्याने १८३७ साली बिनअंड्याची कस्टर्ड पावडर काढली. तिला यीस्टही सोसत नव्हतं, म्हणून १८४३ साली बेकिंग पावडर काढली. बायकोच्या पोटापायी माणसाने दोन शोध लावले, आणि तुम्हाला एक पुडी धड आणता येत नाही? ह्यांनी शांतपणे इनोची पुडी उलटी करून मागचं वाचून दाखवलं: खायचा सोडा, सायट्रिक ॲसिड. म्हणजे सोडा आणि आंबटपणा एकाच पुडीत. पाणी लागलं की दोघांची गाठ पडते, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात आणि तेच केक फुगवतात. चूक करून बरोबर निघण्याची ही त्यांची जुनी सवय आहे. आमचं लग्नही त्यांनी मामांनी दाखवलेल्या मुलीऐवजी चुकून आमच्याच पत्त्यावर येऊन ठरवलं होतं.

दीड वाटी मैदा, पाऊण वाटी पिठीसाखर, वाटीभर दही, अर्धी वाटी तेल. कृती सोपी आहे. ती अवघड केली माणसांनी. व्हिडिओतल्या बाईंनी बजावलं होतं, एकाच दिशेने फेटा. त्यामुळे फेटायला जो येई तो आधी विचारी, कोणत्या दिशेने? मामा उजवीकडून, म्हणजे प्रदक्षिणेच्या दिशेने. हे डावीकडून, कारण ते डावरे. खरं तर बुडबुड्यांना दिशा कळत नाही. मैदा जास्त घोळला की त्यातला चिकटपणा जागा होतो आणि केक चिवट होतो, एवढीच भानगड. दिशेचं लक्षात ठेवलं की माणूस सावकाश फेटतो, हा त्या नियमाचा खरा उपयोग असावा. शेवटी इनो घातला. पीठ फसफसून वर आलं आणि बारकी टाळ्या वाजवत ओरडली, "जिवंत झाला!"

कुकरमध्ये भांडं ठेवलं, झाकण नुसतं वर टेकवलं. आत्यांच्या जिवाची घालमेल सुरू झाली.

"किती शिट्ट्या?"

"एकही नाही, आत्या. शिट्टी काढलीय."

"मग कळायचं कसं?"

हा प्रश्न वरवर साधा आहे. आमच्या घरात वेळ शिट्टीत मोजतात. भात तीन, डाळ पाच, हरभरे सात. मामांचं संध्याकाळचं फिरणं डाळीच्या दुसऱ्या शिट्टीला सुरू होतं. मुका कुकर गॅसवर ठेवून चाळीस-पंचेचाळीस मिनिटं बसायचं म्हणजे घड्याळ काढून घेतल्यासारखं. सगळे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसले. माणसं रिकामी बसली की बोलतात, आणि वाढदिवसाचा दिवस असल्यामुळे विषय तारखांवर गेला.

बारकीची तारीख, वेळ, मिनिट, वजन, सगळं कागदावर आहे. १९६९ च्या कायद्याप्रमाणे २१ दिवसांच्या आत नोंद झाली. माझी तारीखही कुणाला विचारावी लागत नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर बरोबर एक महिन्याने मी झाले, आणि ३० सप्टेंबर १९९३ लातुरात कोण विसरलंय? आत्यांना तारीख नाही. पाऊस न पडलेल्या एका साली, पोळ्याच्या आसपास, एवढंच. आणि मामा एक जूनचे.

एक जूनवाल्यांबद्दल महाराष्ट्रात कुणाला काही सांगायला नको. शाळा जूनमध्ये भरायची. बाप लेकराला धरून आणायचा. गुरुजी म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धर. हात पुरला की लेकरू सहा वर्षांचं. मग गुरुजी वर्ष मागे मोजून एक जून टाकायचे. हात लांब असलेली पोरं पाचव्या वर्षीच सहाची झाली आणि आखूड हाताची आठव्या. अख्ख्या पिढीचा जन्म कानाच्या आणि कोपराच्या मापाने ठरला. आता दर एक जूनला मामांचा मोबाइल सकाळपासून वाजतो: बँक, विमा कंपनी, गॅसवाला, सगळे शुभेच्छा देतात. त्यांच्या बरोबरीच्या अकरा मित्रांनाही त्याच दिवशी. ते एकमेकांना फोन करून "तुमालाबी" एवढंच म्हणतात.

"आणि नियम बघ," मामा म्हणाले. "महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर होतो. म्हणून सगळे एकतीस मेला. आमच्या वेळी एकाच दिवशी तालुक्यातल्या शाळा निम्म्या रिकाम्या झाल्या होत्या. हार मिळना."

"पण खरी तारीख कोणती, मामा?"

"माय म्हनायची, तू हुरड्यात झालास."

हुरडा म्हणजे डिसेंबर-जानेवारी. ह्यांनी लगेच बोटं मोजली. जूनच्या आधीचा हुरडा धरला तर मामांनी सहा महिने जास्त नोकरी केली. नंतरचा धरला तर सहा महिने कमी.

"तेच तर कळना," मामा म्हणाले. "मी सरकारचे सहा महिने खाल्ले का सरकारनं माजे खाल्ले?" मग थोडं थांबून, जरा हळू आवाजात, "मीबी लई पोरान्ला एक जून दिलाय म्हना. आमच्या हेडमास्तरनं सांगितलं व्हतं, इचारत बसू नका, टाका."

इतक्यात वास आला. व्हॅनिलाचा वास आमच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच आला असेल. फोडणीच्या आणि ठेच्याच्या वासांनी भरलेल्या त्या खोलीत तो पाहुण्यासारखा दाराशी घुटमळला. सुरी टोचून बघितली, कोरडी निघाली. झाकण काढलं. केक फुगला होता, छान तांबूस झाला होता, आणि बरोबर मधोमध उभा चिरला होता. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, एप्रिलमधल्या काळ्या रानासारखी भेग.

माझं तोंड उतरलं. बारकीने मात्र भेगेत बोट घातलं आणि बापाकडं वळून म्हणाली, "पप्पा, खणला!"

मग त्या भेगेचं काही वाटेनासं झालं. पार्ले-जीचे दोन पुडे खलबत्त्यात कुटले, त्याचा भुगा भेगेच्या दोन्ही काठांवर ढीग करून ओतला आणि जत्रेतून आणलेला प्लास्टिकचा जेसीबी, गरम पाण्याने धुऊन, ढिगावर उभा केला. दोन किलोच्या खाली न बसणारा जेसीबी पाऊण किलोत बसला. मामांनी चष्मा लावून पाहणी केली आणि नातीला सांगितलं की आपला जगत्तुंग समुद्र, तो मोठा तलाव, राष्ट्रकूटांच्या काळात जेसीबीशिवाय खोदला होता. बारकीला ते पटलं नाही. जेसीबीशिवाय खणतात हे तिला आपण चमच्याशिवाय जेवतो असं सांगितल्यासारखं वाटलं असेल. खरं तर आपण जेवतोही.

संध्याकाळी आत्यांनी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, बारकीला ओवाळलं. मग मेणबत्तीचा प्रश्न आला. बारीक रंगीत मेणबत्त्या आणायच्या राहिल्या होत्या, म्हणून लाइट गेल्यावर लागणारी जाडजूड पांढरी मेणबत्ती केकच्या कडेला रोवली. ह्यांनी सांगितलं, "बारके, फूक मार, विझव."

"विझव म्हनू नको!" आत्या ताडकन म्हणाल्या. "वर्षाच्या सणाला? वाढव म्हन."

आमच्याकडे दिवा विझवत नाहीत, वाढवतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी पिचली तरी वाढवली म्हणतात. ज्या शब्दाने जेवण पानात पडतं, त्याच शब्दाने अमंगळ झाकायचं ही आमच्या बायकांची जुनी हुशारी. आत्यांनी ती त्या संध्याकाळी केकला लावली. "कापायचं बी म्हनायचं न्हाई. लेकराच्या फुडं कापाकापी कामून? केक वाढवा."

गावागावांत तलवारीने केक कापून पोरं शस्त्रबंदीच्या गुन्ह्यात आत जातात, त्यांना एखादी आत्या भेटली नसावी.

बारकीने मेणबत्ती वाढवली, तिसऱ्या फुंकरीला, थुंकीसकट. मी सुरी पुढं केली. तिने हात मागे घेतले. सुरी नको. तिने जेसीबी उचलला, त्याची सोंड केकच्या भेगेत घातली, दोन्ही हातांनी दाबली, तोंडाने घर्रर्र आवाज काढला आणि मुठीएवढा ढेकूळ उकरून वर काढला. मग तो तसाच, सोंडेतून, आजोबांच्या ताटलीत ओतला. मग आजीच्या. मग बापाच्या. दर खेपेला मागे घेताना जेसीबीसारखं पीं-पीं-पीं. शेजारच्या काका-काकूंना, त्यांच्या गवंड्याला आणि दारात आलेल्या दूधवाल्यालाही एक-एक खेप मिळाली. केक वाढवायचा म्हटलं होतं, तो तिने शब्दशः वाढला. माझ्या बघण्यात असा वाढपी झालेला नाही.

आत्यांनी पहिला घास घेऊन डोळे मिटले. "मलिद्यावानी लागूलालंय," म्हणाल्या. "पर गूळ पाहिजे व्हता." मामांनी आपला वाटा निम्मा खाल्ला आणि निम्मा वाटीत झाकून ठेवला. सकाळी चहात बुडवायला, म्हणाले. आत्यांनी पुढच्या सालासाठी आत्ताच सांगून ठेवलं की आदल्या दिवशी वाळू त्या भाजतील, आणि मामांनाही हुरड्याच्या दिवसात एक असला करून घालू, तारीख सापडो न सापडो. मामा काही बोलले नाहीत. वाटीवरचं झाकण मात्र त्यांनी दोनदा नीट केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाळू परत करायला निघाले तर डबा पाऊणच भरला. उरलेली बारकीच्या जेसीबीत आणि पायरीवर होती. केरसुणीने गोळा केली, काठापर्यंत आणली आणि काकांसारखाच वरून हात फिरवला. काकूंनी डबा ढिगावर उलटा केला. वाळू थोडी भुरकट झाली होती, तिच्यात बिस्किटाचा भुगा दिसत होता आणि दोन-चार पांढऱ्या लाह्या. काकूंनी वाकून वास घेतला. मग ताडपत्री ओढता ओढता थांबल्या.

"का हो ताई," त्यांनी विचारलं, "भिंतीला मुंग्या तर लागनार न्हाईत ना?"